दोन बोटं राहिली

मंदाला मी शेवटचं पाहिलं ते दवाखान्यातल्या खाटेवर. नाकाला ऑक्सिजनची नळी, पाठीशी तीन उशा, कारण आडवं झालं की तिला दम लागायचा. एक नवी नर्स रक्तदाब बघायला आली आणि पट्टा मंदाच्या उजव्या दंडाला गुंडाळू लागली. मी केवढ्यानं ओरडले! "अहो, उजवा हात नाही! त्या हाताला पट्टा नाही, सुई नाही, काही नाही. एवढा कागद लावलाय खाटेला, वाचता येत नाही का?" बिचारी पोर वरमली आणि पलीकडून डाव्या हाताशी गेली. मंदानं माझ्याकडं पाहिलं आणि हसली. बोलायला श्वास पुरत नव्हता तिला. पण ते हसू मला बरोबर कळलं. त्या हाताची एवढी काळजी मी सात वर्षांपूर्वी घेतली असती तर... चौथ्या दिवशी सकाळी दिरांचा फोन आला, "वहिनी, मंदा गेली." त्याला सव्वा महिना होऊन गेला. लोक भेटायला येतात, "तुम्ही जावा कसल्या, बहिणीच होता," असं म्हणतात, आणि मी चहा टाकायच्या निमित्तानं आत जाते.

मंदा माझी धाकटी जाऊ. दिंडोरीकडच्या एका गावातली, आठवी शिकलेली, द्राक्षबागेत वाढलेली. मी नाशिकच्या एका शाळेत विज्ञानाची बाई. पाथर्डी फाट्याजवळ आमचं घर आहे, वर आम्ही, खाली ती आणि दीर. घरात शब्द माझा चालायचा. कुणाला कोणती साडी घ्यायची इथपासून दिरांनी गाडी कोणत्या रंगाची घ्यावी इथपर्यंत. मंदाच्या 'लय' आणि 'नाय'ची मी चेष्टा करायचे आणि ती माझी नक्कल करून माझ्याच मुलीला हसवायची. दर वर्षी विरळणीच्या दिवसांत, म्हणजे घडातले दाटीचे मणी कमी करतात तेव्हा, ती आठवडाभर माहेरी जायची. वेलींच्या मांडवाखाली उभं राहून दिवसभर दोन्ही हात डोक्याच्या वर. मी म्हणायचे, "कशाला मरमर करतेस? मजूर असतात ना!" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "हात वर केल्याबिगर मला माहेरी गेल्यासारखं वाटत नाय, ताई."

मग उजव्या स्तनात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठीही काढाव्या लागल्या, पुढचे उपचार तिनं तोंडातून हूं की चूं न करता सोसले. त्यानंतर उजवा हात सुजायला लागला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला बजावून सांगितलं होतं, या हाताला कापू द्यायचं नाही, काही आवळून घालायचं नाही, आणि रोज भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची. मंदानं स्वयंपाकघरातल्या भिंतीवर, फ्रीजच्या शेजारी, पेन्सिलीनं एक ठळक रेघ ओढली. भावाच्या बागेतल्या मांडवाची तार जेवढ्या उंचीवर असते, बरोबर तेवढ्यावर. रोज सकाळी ती बोटं चालवत वर न्यायची, जिथं थांबतील तिथं बारीक खूण करायची आणि शेजारी तारीख लिहायची.

एक दिवस तिनं मला विचारलं, "ताई, रक्ताला ढकलायला हृदय हाय. मंग हे जे पाणी माझ्या हातात साचतं, ह्याला कोण ढकलतं?" तीस वर्षं मी मुलांना शिकवत आले. हृदयाला चार तास देते. झडपा, कप्पे, लाल आणि निळा खडू. फुफ्फुसांसाठी बाटलीत फुगे लावून दाखवते. आणि लसीका, म्हणजे मंदाच्या हातात साचणारं तेच पाणी? ती धड्याच्या शेवटी येते. तिच्यावर फार तर एका गुणाचा प्रश्न. "ते वाचून घ्या," म्हणते आणि घंटा होते. दर वर्षी मुलांना वाचून घ्यायला सांगितलेला तो परिच्छेद मी स्वतः कधी नीट वाचला नव्हता. पण आठवी शिकलेल्या जावेसमोर 'मला माहीत नाही' कसं म्हणणार? "हृदयच ढकलतं गं, दुसरं कोण," मी ठोकून दिलं. पंधरा दिवसांनी ती आनंदानं वर आली. "ताई, त्या बाई म्हणल्या, त्याला कोणीच नाय ढकलत. रक्तातनं पाझरलेलं पाणी बारीक नळ्यांतनं परत जातं, वाटेत काखेसारख्या ठिकाणी गाठी असतात, तिथं गाळून निघतं. माझ्या तर गाठीच काढल्या, म्हणून तुंबतं. आपण हात हलवला, पोटातनं मोठा श्वास घेतला, का तेवढं पुढं सरकतं." मी म्हटलं, "हो, तेच म्हणायचं होतं मला." तिनं मान डोलावली. माझी लाज राखण्यात ती पहिल्यापासून तरबेज होती.

त्या वर्षी मार्गशीर्षात माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मंदाच्या खुणा चढत चढत रेघेच्या जवळ गेल्या होत्या. "ताई, दोनच बोटं राहिली," ती मला बोटं धरून दाखवायची, "लग्न झालं का मी बागेत जाते. दोन घड तरी विरळून येते." लग्नाच्या दोन दिवस आधी कासारीण बांगड्या भरायला घरी आली. सगळ्या जणी हौसेनं बसल्या. मंदानं डावा हात पुढं केला, म्हणाली, "मी एकाच हातात भरते." आणि मी... मी उपास करत नाही, वर्गात अंधश्रद्धेवर तावातावानं बोलते, ती मी चारचौघींत म्हणाले, "सवाष्ण बाई आणि एका हातात बांगड्या? माझ्या मुलीच्या लग्नात? बरं दिसतं का ते?" कासारीण शहाणी होती. तिनं हात बघितला. "या हाताला मोठं माप लागंल, बाई. उद्या आणते." मी म्हटलं, "उद्या कशाला? साबण लावा, जातील." मंदानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि उजवा हात पुढं केला. चौथी बांगडी चढता चढता पिचली, हाताच्या पाठीवर ओरखडा उठला. "काय नाय झालं," म्हणून तिनं तो पदरानं टिपला.

लग्नभर ती पदराखाली हात झाकून वावरली. फोटोंत बघा, सगळीकडं उजवा हात दिसेनासा. वरात गेली आणि दुसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप आला. हात कोपरापर्यंत लालबुंद, बांगड्या मांसात रुतलेल्या. दीर मांडवाचं सामान परत करायला गेले होते, म्हणून मीच तिला रिक्षातून नेलं. नर्सनं कटरनं एकेक बांगडी तोडली. मी तोंड फिरवून उभी होते. तापानं फणफणलेली मंदा म्हणाली, "तोडल्या नका म्हणू, वाढवल्या म्हणा. पोरीचं नवं लग्न हाय." डॉक्टरांनी विचारलं, कशानं कापलं? ती म्हणाली, काचेचा तुकडा लागला. दिरांनाही तिनं तेच सांगितलं. मी शेजारीच उभी होते, मी काहीही बोलले नाही.

जंतुसंसर्ग आटोक्यात आला, पण हात पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. ब्लाउजची उजवी बाही तीन बोटं रुंद शिवावी लागायची. भिंतीवरच्या खुणा दीड महिना थांबल्या, आणि पुन्हा सुरू झाल्या त्या चांगल्या वीतभर खाली. त्या वर्षी ती बागेत गेली नाही. पुढच्या वर्षी गेली, पण मांडवाखाली खुर्ची टाकून बसली आणि मजुरांना चहा देऊन आली. मला एका शब्दानं बोलली नाही. भांडली असती तर मी वाद घातला असता, वादात मी हरत नाही. गेल्या वर्षी आजार फुफ्फुसांत उलटला, भोवती पाणी साठू लागलं. मी डॉक्टरांना एकटीनं गाठून विचारलं, तेव्हाच्या त्या संसर्गाचा याच्याशी काही संबंध? ते म्हणाले, काहीही नाही. मला हायसं वाटलं. आणि खाली ती एका श्वासासाठी धडपडत असताना आपल्याला हायसं वाटतंय, याची इतकी लाज वाटली की जिना उतरवेना.

परवा दिरांनी मला खाली बोलावलं. घराला रंग काढायचा म्हणत होते. "ह्या भिंतीचं काय करू, वहिनी?" अजूनही ते मलाच विचारतात. मी म्हटलं, ही राहू दे. ते चष्मा लावून खुणा वाचत होते. एका जागी त्यांचं बोट थांबलं. "इथं मधेच खंड पडलाय बघा. आपल्या चिमीच्या लग्नाच्या गडबडीत व्यायाम राहिला असेल, नाही?" मी म्हटलं, "हो, तसंच असेल." ते बाहेर गेल्यावर मी उजवा हात वर केला. रेघेला सहज लागला. तिची सगळ्यात वरची खूण आणि ती रेघ यांच्यात मी माझी दोन बोटं धरून पाहिली. बरोबर मावली.

दर रविवारी पेपरची ही पुरवणी माझ्याआधी दीर वाचतात, स्वयंपाकघरात, त्याच भिंतीला पाठ लावून. भावजी, व्यायाम राहिला नव्हता. बांगड्या मी भरायला लावल्या.