बैल बुजला नव्हता

अन्याय दोघांवर झाला. पहिली, मिठागरावर टोपल्या वाहणारी कळव्याकडची एक आगरी बाई. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास, शीळफाट्याच्या अलीकडच्या उतारावर मिठाच्या गोणींखाली सापडून ती मेली. दुसरा, त्या मिठाच्या खटाऱ्याचा गाडीवान. त्याच दिवशी दुपारी बारा वाजता त्याला कोठडीत घातले गेले. घालणारा फौजदार मी होतो. पुढे पाय अधू झाला आणि सरकारने मला ऐन उमेदीत पेन्शनीत काढले. नोकरीतले पुष्कळ विसरलो, हा मंगळवार विसरता येत नाही. नावे कोणाचीच लिहीत नाही. ज्यांना आपले तोंड ओळखायचे असेल त्यांनी ओळखावे.

आमच्या पोलीस ठाण्यात खटारा उलटल्याची वर्दी आली की पंचनाम्याचे पहिले वाक्य तयारच असे: ‘बैल बुजून गाडी कलंडली.’ हवालदार जागेवर पोचायच्या आतच ते लिहून ठेवी. पंच म्हणून वाटेवरचे दोन इसम धरायचे, त्यांचे अंगठे घ्यायचे, मोकळे व्हायचे. मीही तेच केले. प्रेत पाहिले, गोणी पाहिल्या, निष्काळजीपणाने गाडी हाकून मरणास कारण झाला असा गुन्हा लिहिला. गाडीखाली वाकून पाहिले नाही.

गाडीवान हा बाईच्याच गावचा. बाई माहेरी निघाली होती, सोबत म्हणून त्याच्या गाडीच्या कडेने चालत होती. तिचा नवरा ठाण्याच्या पायरीवर बसून होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता की, ह्याला सोडला तर गावात मी आहे. म्हणजे दोषी ठरला तर तुरुंग, आणि पुराव्याअभावी नुसता सुटला तर गाव बंद.

जबानीच्या वेळी गाडीवानाने मलाच विचारले, “साहेब, बैल बुजला असा कोन बोलला?”

“पंचनाम्यात आहे.”

“पंचांनी बैल कदी बघला? ते आलं तवा माजं दोन्ही बैल उभ्या उभ्या रवंथ करत व्हतं. बुजलेला बैल रवंथ करतंय कवा?”

हवालदार हसला. “फौजदारसाहेब, ऐकून घेऊ नका. खटारा काय आपण होऊन उलटतो?”

मी जबानी पुरी केली. पण रवंथाचे वाक्य डोक्यात राहिले. माणूस खोटे बोलताना मोठमोठी कारणे देतो, बैलाच्या तोंडाकडे बोट दाखवीत नाही.

रविवारी एक किरिस्ताव सुतार ठाण्यात आला. धुतलेला कोट, हातात टोपी. प्रार्थना आटोपून सरळ इकडे आला होता. ठाणे शहरात गाड्यांचे आख करणारा एक कारखाना होता, तिथे तो चाके बसवीत असे. आख म्हणजे दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा. सगळा बोजा त्याच्यावर.

तो म्हणाला, “सायेब, तुम्ही बैलांची बाजू लिवली, गाडीवानाची लिवली. आखाची जबानी घेतली काय?”

“टोमणे मारायला आलास?”

“नाय. उद्यापासून मला काम नसंल, म्हनून आज सांगायला आलो.”

त्याने सांगितले ते असे. कारखान्याने घडीव लोखंडाऐवजी ओतीव लोखंडाचे आख काढले होते. ओतताना लोखंडात हवा राहते, आत पोकळ्या पडतात. सडकेच्या एका ठेकेदाराने आपल्या दगडाच्या खटाऱ्यांना हे आख घेतले. त्यांतले दोन त्याच्याच आवारात, उभ्या गाडीखाली मोडले. माणूस दगावला नाही. ठेकेदार मोठा, त्याने आरडाओरडा केला. कारखानदाराने मुकाट्याने त्याच्याकडचे उरलेले सगळे, म्हणजे बारा आख परत मागवले आणि घडीव घालून दिले. काढण्याचे काम ह्या सुताराचे. चुकून कोणी पुन्हा बसवू नयेत म्हणून त्याने प्रत्येकाच्या टोकाजवळ छिन्नीने फुली मारली होती.

“ते आख गेले कुठे?”

“मोडीत, असं मिस्त्री बोलला. पन गाड्यांच्या अड्ड्यावर ऐकलं, त्या मंगलवारी मिठाच्या खटाऱ्याचा आख मोडला. मंग तो कनचा, ते तुम्हीच बघा.”

आता माझी फजिती ऐका. मोडलेला आख मी जप्तच केला नव्हता. जागेवर गेलो तर तुकडे नाहीत. विचारत विचारत जवळच्या एका घरी पोचलो. अंगणात अर्धा आख जमिनीत ठोकलेला, त्याला म्हैस बांधलेली.

घरधनीण म्हणाली, “न्या की, सरकारचा हाय तर न्या. पन दुसरा खुंटा मिलंपर्यंत म्हशीला तुमी धरून उभं ऱ्हा.”

शिपायाने म्हैस धरली. मी आख उपटला. वर काळा रंग नव्यासारखा. चाकूने खरवडला तेव्हा खाली कानस फिरवल्याच्या रेघा दिसल्या आणि त्या रेघांच्या खाली फुली. कोणीतरी ती घासून काढायला गेले होते, पण छिन्नी खोल गेली होती.

कल्याणच्या एका लोहाराकडे, दोन नवे पंच समोर बसवून, तो तुकडा भट्टीजवळ धरला. थोड्या वेळाने त्याच्या अंगावरून काळे थेंब गळू लागले. लोखंडाला घाम फुटलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मेण, राळ आणि लोखंडाचा कीस एकत्र कालवून पोकळ्या बुजवल्या होत्या. मिश्रण वितळले आणि करंगळी जाईल एवढी भोके उघडी पडली. लोहार म्हणाला, “ह्याच्यावर मी कोंबडीची पाटी ठेवणार नाही.”

मग कारखान्याच्या मिस्त्रीला बोलावले. पान खात, निवांत आला. मारहाण करून मिळणारा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, हे मला तोवर कळले होते. मी त्याला बसायला घोंगडी दिली, पाणी दिले, आणि साधे साधे विचारत गेलो.

“परत आलेल्या बारा आखांचं काय केलंत?”

“वितळवले, साहेब.”

“कधी?”

“शिमग्याच्या आठवड्यात. हातात दुसरं काम नव्हतं.”

“भात्यावर कोण होतं?”

“नेहमीचीच माणसं.”

“नेहमीची माणसं आगरी-कोळी ना? शिमग्याला गावी नव्हती गेली?”

तो पान चघळायचा थांबला. ठाण्याच्या खाडीकाठी शिमग्याच्या पाच दिवसांत भात्यावर माणूस मिळत नाही, हे शेंबडे पोरही सांगेल. आगरी-कोळी माणूस तेव्हा मालकाच्या काय, देवाच्याही कामाला येत नाही.

“थंड भट्टीत लोखंड वितळलं म्हणता?” मी विचारले.

संध्याकाळपर्यंत त्याने सगळे सांगितले. बाराही आख घासून, रंगवून कल्याणच्या एका लोखंडवाल्याला नवे म्हणून दिले होते. गाडीवानाने आपला तिथूनच घेतला होता. मालकाला ठाऊक होते का, ह्यावर मिस्त्री म्हणाला, “रंग कोणता द्यायचा ते त्यांनीच ठरवलं.”

गाडीवान सुटला. पुराव्याअभावी नव्हे, तर त्याचा काडीचा दोष नाही असे मॅजिस्ट्रेटांनी स्वच्छ लिहिले. तो लेख मी त्याच्या गावी चावडीसमोर उभे राहून वाचला. बाईच्या नवऱ्याने ऐकला आणि एकच विचारले, “मंग तिला मारली कोनी?” मी कारखानदाराचे नाव सांगितले. कारखानदाराला ठकबाजीबद्दल दंड झाला. भरला आणि घरी गेला.

पण माझा राग त्याच्यापेक्षा ठेकेदारावर आहे. त्याची जबानी घेताना मी विचारले, “आख वाईट आहेत हे तुम्हाला माहीत होतं. ह्याच रस्त्यावर दुसऱ्यांच्याही गाड्या चालतात. बोलला का नाहीत?”

“माझे मला बदलून मिळाले,” तो म्हणाला. “दुसऱ्यांच्या गाड्यांचं मी काय करू? रस्त्यावर उभा राहून ओरडू?”

“हो,” मी म्हणालो. हवालदाराने ते जबानीत घेतले नाही.

तो काही कायदा मोडत नव्हता. पंचांनी मोडला नाही, मीही मोडला नाही. आपले काम नियमाने उरकणारी अर्धा डझन माणसे आणि त्यांच्या मधोमध एक मेलेली बाई. त्यानंतर मी एकच शिकलो. अपघाताच्या जागी जे बोलू शकत नाही ते आधी तपासायचे आणि जे पहिल्यापासून लिहून तयार आहे ते फाडायचे. नोकरीत असेतो तेवढे पाळले.

मात्र एक काम अपुरे राहिले. बारांपैकी एक मोडला. पाच आम्ही खेड्यापाड्यांतून शोधून ताब्यात घेतले. उरलेले सहा परत मागवण्याचा हुकूम द्या, असा अर्ज मी केला. उत्तर आले की, विकलेला माल विकणाऱ्याने परत बोलवावा असा कायदा नाही. लोखंडवाल्याने गिऱ्हाईक लिहून ठेवलेले नव्हते. म्हणजे ते सहा आख आजही कोणाच्या तरी गाडीखाली आहेत.

म्हणून हे लिहिले. वाचणाऱ्या, तुझी गाडी असेल तर आजच खाली वाक. गाडी नसेल तर तुझे धान्य, मीठ, लाकूड ज्याच्या गाडीतून येते त्याला माल उतरवायच्या आधी वाकायला लाव. आखाचा रंग खरवड. टोकाजवळ फुली दिसली तर बैल सोड आणि आख घणाने फोड. मग तुकडे झाकून ठेवू नकोस. अड्ड्यावर ने, सगळ्या गाडीवानांना दाखव.