सिस्टरांचे गरम तळवे

नेवाशाकडच्या एका दवाखान्यातल्या त्या सिस्टर बाळाला उचलण्याआधी तळवे घासून गरम करायच्या. नव्वदच्या दशकात आमची मुलगी तिथंच, दिवस भरण्याआधीच जन्मली.

"दादा, हिला आईच्या उघड्या छातीवर ठिवू. ट्रेनिंगमधी शिकवलंय, अशी लेकरं जगत्यात."

"असले अडाणी उपाय नकोत," मी खेकसलो. "काचेच्या पेटीत ठेवा!"

त्यांनी ठेवलं. दुपारी वीज गेली, पेटी गार पडली. त्यांनी धावत येऊन बाळ आईच्या छातीशी लावलं, पण उशीर झाला होता.

"ताई, मला ठाऊक हुतं," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "तरी दादांच्या आवाजाला भ्याले."

बाळ गेल्याच्या चौकशीत मी सांगितलं, पेटीचा हट्ट सिस्टरांचाच होता. बायकोनं सगळं ऐकलं होतं. मी नुसतं तिच्याकडं बघितलं, आणि तिनं खाली मान घालून 'हो' म्हटलं.