बोथट झालेली कानस

सांगवीत रस्त्याला लागून आमचं पत्र्याचं शेड आहे. मोटारीचे शाफ्ट, रसवंतीचे चरक, कडबाकुट्टीची यंत्रं, सगळं तिथं दुरुस्तीला येतं. मी आयटीआय केलेली फिटर. नवरा बाहेरची वेल्डिंगची कामं बघतो. लेथवर तात्या असतात. ते नात्यातले नाहीत. कारखान्यातून निवृत्त झाले आणि आता वडगाव निंबाळकरहून रोज मोटरसायकलवर येतात.

लोखंड घासायच्या माझ्या कानशींना मी कुणाला हात लावू देत नाही. एकीचे दात दुसरीवर घासले की दोन्ही वाया जातात, म्हणून जाड कापडाला कप्पे शिवून प्रत्येक कानस वेगळी ठेवते. काम झालं की तारेच्या ब्रशनं दातांतला चुरा काढायचा, पुन्हा चुरा अडकू नये म्हणून खडू फिरवायचा, कापड गुंडाळून नाडी बांधायची. तेलाचा थेंबही लागू द्यायचा नाही. तेलकट कानस लोखंडावरून नुसती घसरते.

मागच्या हिवाळ्यात माझी सगळ्यात बारीक कानस अशीच घसरायला लागली. उजेडात धरली तर मधले दात चकाकत होते. कुणीतरी ती कडक पोलादावर ओढली होती. बोट फिरवलं तर तेलकट लागलं. ब्रश मारला तेव्हा दातांतून दोन-तीन काळे-पांढरे तंतू निघाले. लोकरीचे.

तात्यांच्या गळ्यात काळा-पांढरा मफलर होता.

नाडीची गाठ मुद्दाम उलटी मारून जेवायला घरी गेले. दुपारी मी नसताना सासरे शेडवर येऊन बसतात आणि तात्या डबा खाऊन मागच्या लिंबाखाली आडवे होतात, असा आमचा शिरस्ता. परत आले तर गाठ सुलटी. सासऱ्यांचा विचार मनात आलाच नाही. जन्मभर मेंढरं राखलेल्या माणसाला कानस कशाला लागेल?

मग मी तात्यांवर नजर ठेवायला लागले. ते माझ्या टेबलाजवळून गेले की हातातलं काम थांबायचं. लेथच्या हत्यारांना ते सहाणेवरच धार लावायचे, कानस घ्यायचे नाहीत, तरी मला वाटायचं, मी बघतेय म्हणून. चहा देतानाही मी त्यांच्या बोटांकडं बघायची. आठवड्यानं कानस पार बोथट झाली आणि मी विचारलंच.

"तात्या, माझी कानस तुमी वापरता का?"

त्यांनी लेथ बंद केला. "न्हाय."

"मग त्यात लोकर कुठनं आली?"

त्यांनी मफलरकडं बघितलं, मग माझ्याकडं. "पोरी, कारखान्यात सगळी उमर गेली. दुसऱ्याच्या हत्याराला हात लावला न्हाय कधी." एवढं बोलून हात धुतले आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. मला तेही खटकलं. खरं बोलत असते तर भांडले असते, असं मी रात्री जेवताना सासऱ्यांच्या देखत नवऱ्याला म्हणाले.

नवी कानस आणायला बारामतीला गेले. दुकान शहरात शिरतानाच होतं, तासाभरात परतले. शेडमध्ये सासरे व्हाइससमोर उभे. व्हाइसमध्ये मेंढरांची लोकर कातरायची मोठी कातर आवळलेली, आणि हातात माझी कानस. पुढं-मागं, दोन्हीकडं दाबून घासत होते.

"आबा!"

ते दचकले. कातरीच्या पात्यांना लोकरीचा तेलकट थर होता.

आमची मेंढरं नवऱ्यानं विकली त्याला चार वर्षं झाली. वय झालं, आता रानोमाळ फिरू नका, असं त्यानं बजावलं होतं. आबांच्या चुलतभावाचा कळप मात्र जवळच्याच रानात उतरला होता.

"त्याला एकट्याला कातरणी हुईना," ते खाली बघत म्हणाले. "म्हनून जातो. घरात सांगू नको."

"तात्या माझ्यामुळं गेले, आबा. तुमाला दिसत होतं की."

"व्हय. दिसत हुतं." त्यांनी व्हाइस सैल करून कातर काढून घेतली. मला राग आला, पण त्यांच्यापेक्षा माझाच जास्त.

त्याच संध्याकाळी वडगावला गेले. तात्यांनी बसायला सांगितलं, त्यांच्या बायकोनं पोहे केले. मी झालं ते सगळं सांगितलं, माफी मागितली. तात्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

"मला आदी इचारायचं हुतंस," ते म्हणाले. "आठवडाभर बघत हुतीस. मला काय कळत न्हवतं?"

सोमवारी ते कामावर आले. आबांना मी धारेचा दगड आणून दिला आणि नवऱ्यालाही सांगून टाकलं. तो दोन दिवस बापाशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी त्यानंच त्यांना गाडीवरून रानात सोडलं.

तात्यांचं काम पूर्वीसारखंच चोख आहे. फक्त मी जेवायला घरी निघाले की ते आता मला हाक मारतात आणि डबा घेऊन लिंबाखाली जाण्याआधी दोन्ही हात उघडे करून दाखवतात. हसत दाखवतात. मला अजून त्यांच्याबरोबर हसता आलेलं नाही.