नाटकातल्या वहिनी

वहिनी कवळ्या करायच्या. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे यायचे. त्यांत प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवायची आणि तिच्यात एकेक दात बसवत जायचा. वहिनींनी बसवलेली दंतपंक्ती टेबलावर नुसती ठेवली, तरी वाटायचं की आता ही काहीतरी टोमणा मारणार. कारखाना म्हणजे एका इमारतीच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत वहिनी आणि मालक, मागच्या खोलीत पॉलिशचं यंत्र आणि ते चालवणारे काका. वहिनी काम करताना गायच्या. ते ऐकू येऊ नये म्हणूनच आपण यंत्र बंद करत नाही, असं काका सांगत. काकांच्या यंत्राचा सूर धरून गाता येतं, असं वहिनी सांगत.

गाणी एकाच नाटकमंडळींची. गावात त्यांना सगळे ‘पियानोवाले’ म्हणत, कारण सुरुवातीच्या काळात त्यांच्याकडे नेपथ्य असं काही नव्हतंच. चाकांवरचा एक जुनाट पियानो होता, तोच कधी दुकानाचा गल्ला व्हायचा, कधी पलंग, कधी जिन्याचा कठडा. नाटकं लिहायचे आणि बसवायचे मास्तर. ते शाळेत गणित शिकवत. मुख्य गायिका होत्या त्यांना सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत, कारण पहिल्याच नाटकात त्यांनी मुख्याध्यापिकेचं काम केलं होतं आणि ते नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच.

या नाटकांची गोडी वहिनींना लावली त्यांच्या नणंदेने. ‘वहिनी’ हे नावही तिचंच. ती हाक मारायची म्हणून आधी इमारत, मग कारखाना, मग किराणा दुकानदारही वहिनीच म्हणू लागले. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं नणंद-भावजयीचं अजिबात पटलं नाही. एकीने डबे लावायचे आणि दुसरीने ते हलवायचे. एकदा नणंदेची मैत्रीण आजारी पडली, हातात जादा तिकीट राहिलं आणि फुकट घालवायचं जिवावर आलं, म्हणून ती वहिनींना घेऊन गेली. येताना दोघी बस सोडून चालत आल्या आणि डब्यांचं भांडण तिथेच मिटलं. पुढे नवऱ्यालाही एकदा नेलं होतं. तो मोठ्या बाईंच्या सर्वांत हळव्या गाण्यात घोरला. त्यानंतर त्याला घरीच ठेवायचं ठरलं, आणि त्यालाही काही वाईट वाटलं नाही.

पियानोवाल्यांचं वहिनींना काय आवडायचं, ते त्यांना धड सांगता यायचं नाही. त्यांच्या नाटकातली माणसं मनातलं कधी गात नसत. लाँड्रीचं नाटक होतं त्यात मोठ्या बाई नवऱ्याचा कोट शेवटचा इस्त्री करून देतात. तो कायमचा निघालेला असतो. गाणं मात्र सगळं इस्त्रीचं: कॉलर आधी, बाही नंतर, अस्तर उलटून बघा. एवढंच. आणि थिएटरात रुमालांची शोधाशोध.

त्याच नाटकाच्या एका प्रयोगात ती गोष्ट घडली. मोठ्या बाई ‘कॉलर आधी’ म्हणाल्या आणि थांबल्या. पियानो त्याच दोन सुरांवर घुटमळू लागला. वहिनी पुढे कडेच्या खुर्चीवर होत्या. त्यांच्या तोंडून अगदी पुटपुटल्यासारखं निघालं, “बाही नंतर.” मोठ्या बाईंनी त्या बाजूला पाहिलं, मान किंचित हलवली आणि गाणं पुढे गेलं. कुणाला पत्ता लागला नाही. ऐकलं ते फक्त शेजारी बसलेल्या नणंदेने.

“वन्सं, कुणाला सांगू नका हं,” वहिनी म्हणाल्या.

“मी कशाला सांगतेय!”

वहिनींनी ती नजर मनात जपून ठेवली. घरात कुणाशी वाजलं, कामावर एखादी कवळी परत आली, की त्यांना ती नजर आठवायची आणि बरं वाटायचं. मिरवण्यासारखं त्यात काही नव्हतं. म्हणूनच ते त्यांचं स्वतःचं होतं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली आणि मंडळींचं नवं संगीत नाटक जाहीर झालं: ‘पडदा वर!’ मधल्या काळात मास्तरांचं आजारपण झालं होतं, नवं काही आलंच नव्हतं. वहिनींनी दुपारच्या खेळाची तिकिटं काढली, मालकांकडून सुट्टी घेतली, आणि काकांना बजावलं, “उद्यापासून नवी गाणी ऐकायची तयारी ठेवा.”

“मी कापूस आणून ठेवतो,” काका म्हणाले.

नाटक होतं खुद्द मंडळींवरच. आम्ही कसे एकत्र आलो, कसे झगडलो, कसे पडलो आणि उठलो. रंगमंच फिरत होता, मागे मोठा पडदा होता, त्यावर जुने फोटो येत होते. वहिनींना त्याचं काही नव्हतं. फिरता रंगमंच त्यांना आवडला. पण पहिल्याच गाण्यात सगळे एका ओळीत उभे राहून ‘आम्ही उपाशी राहिलो, पण गात राहिलो’ असं म्हणू लागले, तेव्हा त्या खुर्चीत जरा सावरून बसल्या. मास्तर तर नोकरीला होते. उपाशी कोण राहिलं? दुसऱ्या गाण्यात दुःख झालेला माणूस दुःख झालं असं गायला. तिसऱ्यात आनंद झालेला आनंद झाला असं. जुन्या गाण्याचा एखादा तुकडा मध्येच वाजायचा की लोक ओळख पटल्याच्या टाळ्या द्यायचे आणि नट टाळ्यांसाठी थांबायचे. मध्यंतरात वहिनींनी नणंदेकडे पाहिलं. तिचे डोळे सुजले होते.

“काय केलंय गं वहिनी! काय केलंय!”

“हं,” वहिनी म्हणाल्या.

उत्तरार्धात लाँड्रीच्या नाटकाचा प्रसंग आला. नाटकातल्या मोठ्या बाई गाता गाता अडखळल्या. संगीत थांबलं. प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत बसलेली एक नटी उठून उभी राहिली. जाड चष्मा, काखेत भलीमोठी पिशवी. तिच्यावर झोत आला. खडा आवाज लावून तिने ‘बाही नंतर’पासून अख्खं गाणं म्हटलं. मग सगळी मंडळी डोळे पुसत खाली उतरली, तिला उचलून वर घेऊन गेली, आणि ‘तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत’ असं नवं गाणं सुरू झालं. प्रेक्षक उभे राहिले. काही जण रडत होते.

“वहिनी, तू! अगं तूच ती!” नणंदेने त्यांचा दंड धरून हलवला. मग मागे वळून साऱ्या रांगेला सांगितलं, “ही! खरी ती ही! इथे बसलीय!”

लोकांनी त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. वहिनी तेवढ्या एकट्याच बसलेल्या होत्या. त्या आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिल्या. त्यांना राग आला नव्हता. घरातली एखादी वस्तू दुकानाच्या काचेत मांडलेली दिसावी, तसं काहीतरी झालं होतं.

बाहेर मास्तर लोकांच्या गराड्यात उभे होते. वहिनींना बघताच हात पसरून पुढे आले. “सांगा, कसं वाटलं?”

वहिनींनी खरं ते सांगितलं. “मला नाही आवडलं, मास्तर.”

मास्तर खदखदून हसले. “हे! हेच! बघा, अजूनही लाजतात!” आजूबाजूचे सगळे कौतुकाने हसले. वहिनी पुन्हा काही बोलणार तोवर मास्तरांना कुणीतरी फोटोसाठी ओढून नेलं.

घरी आल्यावर त्यांनी नणंदेला विचारलं, “मास्तरांना कुणी सांगितलं?”

नणंदेने पाण्याचा पेला उगाच दोनदा विसळला. “मीच. आता किती वर्षं झाली त्याला.”

“मी सांगू नका म्हटलं होतं.”

“अगं, एकदाच म्हणून सांगितलं. मग ते भेटले की दर वेळी विचारायचे, कशा आहेत आमच्या वहिनी, मग मी पुन्हा सांगायची. सांगता सांगता थोडं वाढलं असेल.”

“उभी राहून गायले मी?”

“ते त्यांनी वाढवलं. तू मोठ्याने म्हणालीस, एवढंच मी वाढवलं होतं.” मग ती जरा घुश्शातच म्हणाली, “आपल्या घरात कुणी कधी काही केलंय का सांगण्यासारखं? दादा नोकरीला लागला आणि निवृत्त झाला. मी आयुष्यभर लोकांना इंजेक्शनं टोचली. तू ते केलंस. मला अभिमान वाटला, म्हणून सांगितलं. त्यात माझं काय चुकलं?”

तेवढ्यात नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढून विचारलं, “मी घोरलो होतो, ते नाही ना घातलं?”

“नाही,” दोघी एकदमच म्हणाल्या.

नाटक तुफान चाललं. मंडळींचं आजवरचं कुठलंच नाटक एवढं चाललं नव्हतं. वहिनींना नाटक आवडलं नाही, हे कुणालाच पटेना. मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, “मोठेपणा घ्यायला तुम्हाला आवडतच नाही.” किराणा दुकानदार सांगत सुटला की आमच्या दुकानात येतात त्या. आपल्यावरच्या नाटकाला नावं ठेवायची, म्हणजे तो विनयच असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. फक्त काका एकदा म्हणाले, “चार दिवस झाले, नवं गाणं काही ऐकू आलं नाही.” आणि त्यांनी जास्त काही विचारलं नाही.

शंभरावा प्रयोग जवळ आला तशा मोठ्या बाई स्वतः कारखान्यात आल्या. त्या प्रयोगाला वहिनींना रंगमंचावर बोलवून सत्कार करायचा होता. मालकांनी आपली खुर्ची पुढे केली आणि तोंडांचे ठसे घाईघाईने कपाटात सारले. वहिनी मात्र हातातली मेणाची सुरी खाली ठेवेनात.

“मी नाही येणार,” त्या म्हणाल्या. “मी लाजत नाहीये. तुम्ही तरी असं म्हणू नका.”

“नाही म्हणणार. काय झालं ते सांगा.”

“ते गाणं इस्त्रीचं होतं. इस्त्रीचं होतं म्हणून तर रडू यायचं. आता तुम्ही सगळे रडूनच दाखवता. मग आम्ही काय करायचं?”

मोठ्या बाईंनी खुर्ची जवळ ओढली. “मी मास्तरांना हेच म्हटलं होतं, एवढं नेमकं नाही जमलं. पण आजारातून उठल्यावर त्यांना सगळं स्पष्ट बोलून टाकायचं होतं. वेळ राहिला नाही असं वाटतं माणसाला. आणि थिएटर भरतंय, मग कोण ऐकणार?” मग त्या पुढे वाकल्या. “एक सांगू? रागावणार नाही ना? त्या दिवशी मी ओळ विसरले नव्हते. घशात चिलट गेलं होतं.”

“चिलट?”

“आलं कुठूनतरी. गिळता येईना, थुंकता येईना.”

“आणि माझ्याकडे बघितलंत ते?”

“त्या बाजूच्या विंगेत पाण्याचा तांब्या असायचा. तो ठेवलाय का ते बघत होते.”

मागच्या खोलीतलं यंत्र थांबलं होतं. वहिनींच्या हातातल्या हिरडीचं मेण बोटांच्या उबेने मऊ होऊन एक दात वाकडा झाला. त्यांना आधी खूप वाईट वाटलं. मग एकदम हसू फुटलं आणि आवरेना. मोठ्या बाईही हसायला लागल्या. दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

“पण तुम्ही खरंच शब्द सांगितलात,” मोठ्या बाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या. “मला ऐकूच आलं नाही, ही माझी चूक.”

“आमच्या वन्संना हे चिलटाचं कधी सांगू नका,” वहिनी म्हणाल्या. “आणि सत्काराला त्यांनाच बोलवा. उभी राहून मोठ्याने गाते ती तुमच्या नाटकातली बाई मी नाहीच. त्या आहेत. त्यांना शब्द आठवले असते, तर त्यांनी अगदी तसंच केलं असतं.”

नणंदेने आधी आढेवेढे घेतले, पण दुसऱ्याच दिवशी ती चष्म्याला नवी फ्रेम करून आली. शंभराव्या प्रयोगाला वहिनी नवऱ्याला घेऊन मागच्या रांगेत बसल्या. नाटक त्यांना पहिल्याइतकंच पोकळ वाटलं. शेवटी मास्तरांनी नणंदेला वर बोलावलं. दोन शब्द बोला म्हटल्यावर ती सतरा विषयांवर बोलली. डब्यांचं भांडण, जादा तिकीट, बस सोडून चालत येणं, सगळं आलं. “खरी ती माझी वहिनी आहे, पण ती येत नाही, तिचा स्वभावच तसा,” असं म्हणून तिने बेसूर आवाजात ‘कॉलर आधी’ सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला शब्द विसरली. मोठ्या बाईंनी हळूच पुढचा शब्द सांगितला. लोक आधी हसले, मग सगळेच गाऊ लागले. नवरा जागा होता. त्या सबंध प्रयोगात तेवढाच भाग वहिनींना मनापासून आवडला.

घरी येताना नणंद पुष्पगुच्छ छातीशी धरून चालत होती.

“वहिनी, खरं सांग. कशी वाटले मी?”

“माईक फार जवळ धरलात. निम्मं कळलं नाही.”

“आणि उरलेलं निम्मं?”

“ते छान होतं,” वहिनी म्हणाल्या. आणि ही काही खुशामत नाही हे नणंदेला लगेच कळलं, कारण वहिनींना खुशामत कधी जमलीच नव्हती.

पुढच्या वर्षी मंडळींनी आणखी एक नाटक काढलं, एका बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या शेजाऱ्यांचं. वहिनी गेल्या. दोन गाणी बरी होती. एक तर चांगलंच होतं. शेवट त्यांना लांबलेला वाटला. बाहेर मास्तरांनी विचारलं तेव्हा त्यांनी हे असंच्या असं सांगितलं. या वेळी मास्तर हसले नाहीत. “कुठून लांबला?” एवढंच त्यांनी विचारलं, आणि दोघं जिन्यात उभं राहून बराच वेळ बोलत राहिले. नणंद बसथांब्यावरून हाका मारत होती.