विचारावे, पण कुणाला

आखातातल्या एका अरब देशात मी ज्या ग्रंथालयात काम करते, तिथे माझ्या हाताखालून रोज जाणारी पुस्तकं भांडायला लिहिलेली आहेत. युरोपातल्या पंडितांनी चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी इस्लामबद्दल लिहिलेले हे ग्रंथ. बऱ्याच जणांनी प्रस्तावनेतच सांगून टाकलंय की आम्ही कुराण वाचतोय ते खोडून काढायला, कुणी गैरसमज करून घेऊ नये. शेजारणीशी नीट भांडता यावं म्हणून तिची भाषा शिकायला बसावं, तसा हा उद्योग. पण भाषा शिकता शिकता माणूस तिच्यात अडकतो. काहींनी अर्धं आयुष्य त्यात घातलं, आणि भांडणाचा जोर कुठल्या कुठे गेला. मला ही माणसं आवडतात. हट्टी, चुकणारी आणि एकटी.

माझं काम त्यांना वाचायचं नाही, त्यांचे फोटो काढायचं. पुस्तक क्रेडलमध्ये, म्हणजे त्याच्या लाकडी पाळण्यात, ठेवायचं, पान उलटायचं, काच हलकेच खाली आणायची, फोटो घ्यायचा, की पुढचं पान. लॅटिन मला येत नाही आणि मागच्या हिवाळ्यापर्यंत अरबीही येत नव्हती. दिवसभर दोन परक्या भाषा डोळ्यांसमोर उघड्या आणि आपलं तोंड बंद. शेजारच्या टेबलावर केरळचे एक सहकारी बसतात, ते प्रत्येक पुस्तकाची माहिती कॅटलॉगमध्ये भरतात. तरुणपणी ते पाद्री व्हायला गेले होते. ते जमलं नाही, पण लॅटिन टिकलं. आमचं बोलणं इंग्रजीत, आणि तेही कामापुरतं.

मागच्या हिवाळ्यात माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं. आणखी दोन वर्षं राहणार का, ते महिनाअखेरीपर्यंत कळवा, असा एचआरचा मेल आला. पगार चांगला होता, काम आवडीचं होतं, तरी मी अडून बसले. पन्नाशीला टेकलेली बिनलग्नाची बाई मी. इतक्या दिवसांत या देशात मला बोलायला एक माणूस मिळालं नव्हतं. मी मनाशी ठरवलं की या महिन्यात असं एक जरी माणूस मिळालं तर सही करायची, नाहीतर सरळ मिरजेला परत जायचं. तिथे निदान भाषा तरी आपली.

मराठी माणसं इथे नाहीत असं नाही. संक्रांतीच्या सुमारास अल गराफा या वस्तीत एकीच्या घरी हळदीकुंकू होतं, तिथे मी गेले होते. "मिस्टर कुठे असतात?" हा पहिला प्रश्न. मिस्टर नाहीत म्हटल्यावर दुसरा प्रश्न कुणाला सुचेना. मला कुंकू लावायचं की नाही, यावर स्वयंपाकघरात दबक्या आवाजात चर्चा झाली आणि शेवटी लावलं. तिळगूळ देताना सगळ्या गोड बोलल्या. परत कुणी बोलावलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही वाट पाहिली नाही.

बाकी गावात सगळीकडे हिंदी. दुकानदार मल्याळी, इस्त्रीवाला बिहारचा, टॅक्सीवाला नेपाळचा. यल्ला, खलास, शुक्रन, इन्शाल्ला एवढ्या चार अरबी शब्दांवर माणूस इथे जन्म काढू शकतो. अरबांच्या देशात राहून अरबी बोलायला अरब सापडत नाही, हे मिरजेत सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील.

त्याच महिन्यात माझ्याकडे एक पातळसं पुस्तक आलं. युरोपात छापलेलं अरबीचं व्याकरण, आणि शेवटी सरावासाठी कुराणाचा पहिला छोटा अध्याय, फातिहा, जो प्रत्येक नमाजात म्हणतात. कुणा वाचकाने समासात बारीक अक्षरात टिपणं केली होती. प्रत्येक अरबी शब्दाचा उच्चार त्याने रोमन अक्षरांत लिहून पाहिला होता. घशातून निघणारा ऐन हा अरबी उच्चार त्याला काही केल्या सापडत नव्हता, हे मला पुढे कळलं. एका ठिकाणी त्याने g लिहिला होता, एका ठिकाणी h, आणि पुढे पुढे नुसती रिकामी जागा सोडली होती. बिचाऱ्याने तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. तेव्हाच्या युरोपात अरबी शिकायची तर नशिबाने एखादा कैदी किंवा वाट चुकलेला प्रवासी गाठ पडावा लागे. याला तोही भेटलेला दिसत नव्हता.

पानोपानी एक छोटा q होता. मी केरळच्या सहकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "क्वेरे. लॅटिनमध्ये विचारावे, असा अर्थ. अडलं की तशी खूण करत."

मी उरलेली पानं त्या खुणेसाठीच पाहिली. विचारावे. विचारावे. विचारावे. कुणाला विचारणार होता हा माणूस? मला भरून आलं. फोटोसाठी आमच्याकडे दिवे मंद असतात म्हणून बरं.

त्या दिवसापासून मी अरबी शिकायला लागले. फोनवर एक अॅप घेतलं, आणि वाचायला तोच फातिहा. म्हटलं, याने जिथून सुरुवात केली तिथूनच आपणही करू. रोज संध्याकाळी खोलीत बसून तो मोठ्याने म्हणायची. माझाही ऐन कधी अ व्हायचा, कधी नुसता खोकला. आणि मग एकदा लक्षात आलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मदिनत खलीफा या वस्तीतल्या एका व्हिलाच्या मागच्या बाजूला माझी खोली आहे. पुढे मालक, त्याची बायको, मुलं आणि त्याची म्हातारी आई. ऊन उतरलं की त्या अंगणात खुर्ची टाकून बसत. चेहऱ्यावर जुन्या बायकांचा तो पितळी रंगाचा मुखवटा, त्यामुळे दिसायचे ते डोळेच. घरातले त्यांना यम्मा म्हणत, म्हणजे आई, तशी मीही म्हणू लागले. नातवंडांशी त्या अरबीत बोलत आणि ती फोनमधून मान वर न करता इंग्रजीत उत्तरं देत. मी येताना सलाम करायची, त्या काही विचारायच्या, मी हसून मान हलवून आत जायची. दोन वर्षं आमचं एवढंच चाललं होतं.

एका संध्याकाळी मी त्यांच्यासमोर उभी राहिले. डोक्यावर ओढणी घेतली, कारण ते बरं दिसेल असं वाटलं. माझ्याकडे त्यांना दाखवण्यासारखी अरबी एकच होती. मी अख्खा फातिहा म्हटला. चुकेल तिथे सांगा, एवढंच मला हवं होतं. पण ते कसं म्हणायचं ते मला येत नव्हतं.

यम्मा खुर्चीतून उठल्या. त्यांचे डोळे पाण्याने भरले होते. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, कपाळाला ओठ लावले आणि आतल्या दिशेने सुनेला हाक मारली. सून आली, ऐकून तीही गहिवरली. ती इंग्रजीत म्हणाली, "अल्लाने तुझं मन उघडलं. आम्हाला फार आनंद झाला." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्या दोघी मला धर्मात घ्यायला निघाल्या होत्या, आणि मी ऐन विचारायला आले होते.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मला कुणी जवळ घेऊन खूप काळ झाला होता. मी हात तसेच त्यांच्या हातात राहू दिले.

पुढचे दिवस सुखाचे गेले, हे मी नाकारणार नाही. संध्याकाळी यम्मांच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची असायची. खजूर, गाव्हा म्हणजे ती वेलदोड्याची कडवट कॉफी, आणि धडा. "ईदी," त्या म्हणायच्या, पुन्हा म्हण. मी पुन्हा म्हणायची. माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून त्यांनी मला ऐन कुठून येतो ते दाखवलं, आणि एक दिवस तो आला. यम्मा हसल्या. मला त्या समासातल्या माणसाची आठवण झाली. त्याला असा एक गळा मिळाला असता तर त्याने रिकाम्या जागा सोडल्या नसत्या. सुनेने मला नमाजाचा घोळदार पोशाख आणून दिला, बायकांच्या वर्गाचा पत्ता दिला. मी तो पोशाख कपाटात ठेवला आणि कपाट उघडायचं टाळू लागले.

मिळालं की माणूस, मी स्वतःला सांगत होते, सही कर. पण त्यांना मिळालेली बाई ती मी नव्हतेच. माझा देव्हारा मिरजेला बंद आहे, मी फारशी देवभोळीही नाही, तरी जे नाही ते आहे म्हणून म्हाताऱ्या बाईच्या हातचा खजूर खाणं मला जड जाऊ लागलं. ते पंडित निदान पहिल्याच पानावर आपला हेतू सांगून मोकळे झाले होते.

महिना संपायला आला तेव्हा मी वाक्यं जुळवली. पोशाख घडी करून हातात घेतला आणि यम्मांसमोर बसले. मी मुसलमान होणार नाही. मी हे भाषेसाठी शिकले. मला तुमच्याशी बोलायचं होतं. सगळं पुस्तकी अरबी, पण कळण्यासारखं.

यम्मांनी पोशाखाकडे पाहिलं. मुखवट्यामुळे मला काही कळेना. त्यांनी हातातल्या जपमाळेचा एक मणी ओढला, मग पुढचा. अंगणात नातीचा सायकल चालवण्याचा आवाज येत होता. मी उठायला लागले, तर त्यांनी हातानेच बस म्हणून खुणावलं.

"मनू इंदिच हनाक?" त्यांनी विचारलं. तिकडे तुझं कोण आहे?

पहिल्यांदाच मला त्यांच्या वाक्यातला शब्द न् शब्द समजला. तिकडे. मी मिरज डोळ्यांसमोर आणली. आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. भाऊ ऑस्ट्रेलियात, दिवाळीला व्हिडिओ कॉल करतो आणि घाईत असतो. किल्ली शेजाऱ्यांकडे आहे. या दोन वर्षांत मिरजेहून मला फोन आले ते शेजाऱ्यांचे, भिंतीला ओल आली म्हणून. तिथे बोलायला भाषा आहे असं मी स्वतःला सांगत होते. ते इतक्यांदा सांगितलं की मला खरं वाटलं. तिथे मराठीत तरी मी कुणाशी बोलत होते? भाजीवालीशी. बँकेतल्या माणसाशी. संध्याकाळी रेडिओशी.

"ला अहद," मी म्हटलं. कुणी नाही.

यम्मांनी घडी केलेला पोशाख माझ्या मांडीवरून उचलून बाजूच्या टिपॉयवर ठेवला. मग आत हाक मारून ताट मागवलं. भात आला, वर तळलेला मासा. त्यांनी माशाचा काटे काढलेला तुकडा माझ्या बाजूला सरकवला. सून दारात आली, पोशाख पाहून थबकली आणि आत गेली. आम्ही दोघी जेवलो. फातिहाचा विषय त्यानंतर निघाला नाही, आणि धडेही थांबले. माझी खुर्ची मात्र कधी असते, कधी नसते.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी मी एचआरमध्ये जाऊन सही केली. जागेवर आले तेव्हा केरळच्या सहकाऱ्यांना बातमी कळली होती. त्यांनी उठून माझं अभिनंदन केलं.

"घरी कळवलंत का?" त्यांनी विचारलं.

कळवायला तिकडे कुणी नाही, हे सांगायचं टाळून मी हो म्हटलं.