वाकड्या शिंगाचा बैल

नांदेडच्या आमच्या घरी पाहुण्याला चहाआधी पत्रक मिळायचं. वडील चळवळीतले. मी अक्षरं पत्रकांवरच गिरवली आणि भावाशी खेळण्यावरून भांडतानाही ‘जाहीर निषेध’ म्हणायचे. त्यामुळे पुढे लिनोच्या मऊ तक्त्यावर ठसे कोरून छापायला लागले, तेव्हा माझ्या हातून चित्रं कमी आणि घोषणाच जास्त निघाल्या. गावशिवार हा माझा विषय, असं मी सगळ्यांना ठासून सांगायचे. शिवारात जायचे वर्षातून दोनदा, तेही मामीच्या हातच्या भाकरीसाठी.

मामा लोह्याजवळच्या खेड्यात राहतात. गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा त्यांनी लालकंधारी बैलांची जोडी निलंग्याकडच्या एका शेतकऱ्याला द्यायचं ठरवलं. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी तो न्यायला येणार होता. मामांचा फोन आला.

“माय, तू ते कोरून छापतीस नव्हं? माझ्या जोडीचं एक करून दे. भिंतीला लावतो. जोडी गेली की गोठ्याकडं बघवणार न्हाई बघ.”

मी जीव ओतून काम केलं. म्हणजे बैल बघायला गेले नाही. मामेभावानं औताला जुंपलेल्या जोडीचा मागून काढलेला फोटो पाठवला, तो जसाच्या तसा लिनोवर उतरवला आणि कोरला. मग नुसते बैल फारच गप्प वाटले, म्हणून वर एक उगारलेली मूठ कोरली. खाली ‘मातीचा हुंकार’. अक्षरं मात्र आरशात बघून उलटी कोरली, कारण ठशावरचं कागदावर उलटं उमटतं. अनुस्वारसुद्धा चुकू दिला नाही.

पोळ्याच्या तीन दिवस आधी मी ते मामांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला.

“हा हात कुणाचा?”

“कष्टकऱ्यांचा.”

“जोडीपेक्षा थोर हाय.”

“मला तर मक्याचं कणीस वाटलं,” मामी म्हणाली.

मामा हसले नाहीत. त्यांचं बोट एका बैलाच्या वाकड्या शिंगावर थांबलं होतं. “ह्याला उजवीकडं कुणी जुपला? नऊ वर्षं डाव्या अंगाला चाललाय हा. उजवीकडं जुपला तर जागचा हलत न्हाई.”

मी लगेच छापण्याच्या तंत्रावर बोलायला लागले. ठशावरचं डावं कागदावर उजवं होतं, हे या कलेचं वैशिष्ट्यच आहे, वगैरे. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे तुला ठावं होतं?”

ठाऊक होतं. घोषणेसाठी आठवलं, बैलांसाठी नाही. भाषण तिथेच संपलं.

नांदेडहून लिनो आणि कोरण्या मागवून घेतल्या आणि मामांकडेच राहिले. पहिल्यांदाच गोठ्यात बसून बैल बघितले. वाकड्या शिंगाचा उभा राहतानाही जोडीदाराच्या डाव्या बाजूलाच जाऊन उभा राहायचा. मी ओसरीवर कोरत असताना मामा येऊन डोकावले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. “परत उजवीकडंच!”

“थांबा मामा.”

“मूठ कुठाय?” मामीनं विचारलं.

“सुट्टीवर गेली.”

पोळ्याच्या सकाळी शाई फिरवली, कागद ठेवला, मामीच्या पळीच्या पाठीनं घासला आणि अलगद उचलला. वाकडं शिंग डावीकडे आलं होतं. मामांनी ओल्या शाईवरच बोट टेकवलं आणि ते बैलांना सजवायला गेले. शिंगावर त्यांच्या बोटाचा ठसा राहिला. तीच प्रत त्यांनी भिंतीला लावली.

दुसऱ्या दिवशी निलंग्याचे पाहुणे आले. मामांनी त्यांना आधी भिंतीपाशी नेलं. “हे बघा. वाकड्या शिंगाचा डावीकडं. ध्यानात ठेवा.”

पाहुण्यांनी निरखून बघितलं. “आमच्याकडं औताचा गडी सारखा बदलतो. एक कागद मला पण द्या की, गोठ्यात लावतो.”

मी दुसरी प्रत दिली. शाई पुरती वाळली नव्हती. त्यांनी तिची चार पदरी घडी घातली. मी ओरडणार होते, पण आजवर माझी पत्रकं लोकांनी बूड टेकायलाच वापरली होती. यांनी ती वरच्या खिशात ठेवली, आणि टेम्पोत बैल चढवताना पुन्हा काढून बघितली.