चौकशीबाईंचा आवाज

चौकशीबाईंना नावाने हाक मारणारं बस स्थानकावर कुणीच नव्हतं. त्यांच्या खिडकीवर ‘चौकशी’ अशी पाटी होती, पाटीखाली बाई बसलेल्या दिसत, तेव्हा लोकांनी फार डोकं चालवलं नाही. वास्तविक दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची त्यांना अजिबात हौस नव्हती. समोर माईक, हाताशी बटण, आणि आलेली प्रत्येक गाडी पुकारायची, एवढंच त्यांचं काम. सूर सपाट. गाडी वेळेवर असो, उशिरा असो की रद्द झालेली असो, आवाजात तसूभर फरक पडत नसे. नव्या मुलींना त्या सांगत, “आवाजात दया आणायची नाही. दया आली की माणसं खिडकीशी येऊन भांडतात.”

असल्या आवाजावर शुद्धवाल्यांचा डोळा गेला. ते स्वतःला धर्माचे पहारेकरी म्हणवून घेत. लोक त्यांना शुद्धवाले म्हणत, कारण त्यांच्या पत्रकात तो शब्द ओळीओळीला असे. परक्या पुरुषांच्या कानावर भोंग्यातून बाईचा आवाज पडणं हे पाप आहे, असं त्यांनी छापून वाटलं. लोक हसले. एक वाहक म्हणाला, “या बाईंच्या आवाजानं मोहात पडलेला एक प्रवासी मला आणून दाखवा, त्याला जन्मभर फुकट फिरवतो.” पत्रकं वाटणाऱ्यांपैकीच एक जण त्या दुपारी खिडकीशी आला आणि सासुरवाडीची गाडी किती वाजता म्हणून विचारू लागला. बाईंनी सांगितलं. गर्दीत नीट ऐकू येईना, तर त्याने कानाला हात लावून पुन्हा विचारलं. बाईंनी पुन्हा सांगितलं. ही गोष्ट पुढे आठवडाभर उपाहारगृहात चघळली गेली.

त्यानंतर मात्र हसणं संपलं, कारण भोंग्याची वायर कापली गेली. आगाराच्या वायरमनने काखा वर केल्या. त्याला बायकोमुलं होती, त्याला कोण काय म्हणणार? बाईंनी रात्री जेवताना धाकट्या भावाला सहज सांगितलं. त्याचं विजेच्या दुरुस्तीचं दुकान होतं. तो म्हणाला, “ताई, वायर आहे ती, साप नव्हे. सकाळी येऊन जोडतो.”

सकाळी तो सहाव्या फलाटावरच्या खांबाला शिडी लावून चढला. जोड दिला, चिकटपट्टी गुंडाळली आणि वरूनच हात केला. बाईंनी बटण दाबलं. भोंगा वाजला. भाऊ हसला. तेवढ्यात मोटारसायकलवरून दोघे आले आणि त्याला गोळ्या घालून निघून गेले. बाईंना हे सगळं खिडकीच्या काचेतून दिसलं.

शहर पेटून उठलं असं म्हणतात ना, ते त्या महिन्यात खरंच झालं. कॉलेजची पोरं आली, डॉक्टर आले, भाजीवाल्या आल्या, धर्म मनापासून पाळणारी म्हातारीकोतारी माणसं आली आणि म्हणाली, आमच्या नावावर हे चालणार नाही. एक समिती झाली, ‘बाईंचा आवाज, आमचा आवाज’ असे फलक लागले. रोज संध्याकाळी सहाव्या फलाटावर गर्दी जमायची आणि बाईंनी गाडी पुकारली की सगळे उभे राहायचे. बाकीच्या तिन्ही पुकारणाऱ्या मुलींनी बदली मागून घेतली होती, त्यामुळे पुकारायच्या त्या एकट्या बाईच. त्यांच्या साप्ताहिक सुट्टीला भोंगा मुका असायचा.

लोक बाईंना शूर म्हणू लागले. कसलं शूर? बाई कामावर परत आल्या, कारण घरात हातांना काही उद्योग नव्हता. त्यांना काही म्हणजे काहीच वाटत नव्हतं. चहाने जीभ पोळली हे दुपारी जेवताना कळायचं. रडू आलं नाही. नातेवाईक आपसात कुजबुजले, बाईंनी ऐकलं, त्याचंही काही वाटलं नाही. कुणी सत्कार केला तर त्या शाल घेत, कुणी बातमीसाठी प्रश्न विचारला तर ‘हो’ म्हणत. तोंडाने बाई गाड्या पुकारत होत्या, पण आतला दिवा कधीच विझला होता, आणि ते कुणाला कळलं नाही, कारण आवाज पहिल्यापासूनच तसा होता.

मग परीक्षा आल्या, लग्नं आली. माणसांना आपापले संसार असतात. समितीची आधी रोज बैठक होई, मग बैठकीची नुसती तारीख ठरे, मग तीही ठरेना. शुद्धवाल्यांच्या बैठका मात्र चुकत नव्हत्या. शेवटी संध्याकाळी भोंग्याखाली एकच माणूस उरला, निवृत्त मास्तर, आणि त्यांना धड ऐकू येत नव्हतं.

“मास्तर, तुम्ही कशाला येता?” बाईंनी एकदा त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारलं. “तुम्हाला तर मी काय बोलते ते कळतही नाही.”

“कळायचं काय त्यात? लोक पिशव्या उचलतात ते दिसतं की. म्हणजे तुम्ही चालू आहात.”

“मी बंद केलं तर?”

मास्तरांनी चष्मा पुसला. “त्यांचं तुमच्या आवाजाशी भांडण नाहीये, बाई. आपण प्रत्येक गोष्ट आधी त्यांना विचारून करावी, एवढंच त्यांना हवंय. आज आवाज, उद्या खिडकी, परवा बाईनं एकटीनं तिकीट काढायचं की नाही तेही. एकदा विचारायची सवय लागली की त्यांना गोळी झाडायचीही गरज नाही.”

हे सगळं बाईंना पटलं. पण पटणं डोक्यात राहिलं, खाली उतरलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी साहेबांनी, म्हणजे स्थानकप्रमुखांनी, त्यांना बोलावलं. टेबलावर एक खोकं होतं. त्यात पुरुषाच्या आवाजात सगळ्या गाड्या भरून ठेवलेल्या होत्या. त्याची वायरही नवी, जुनी काढून टाकायची. बटण दाबलं की झालं.

“वरून आलंय,” साहेब म्हणाले. “तात्पुरतं आहे. तुमच्याच काळजीपोटी. तुम्ही पास विभागात बसा, पंखा आहे तिथे. सोमवारपासून सुरू करू.”

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी वादाची तयारी करून ठेवली होती, ती वाया गेली.

बाईंनी मान डोलावली त्याला एक कारण होतं. त्यांचं घर स्थानकाच्या भिंतीला लागून, भोंगा थेट स्वयंपाकघरात ऐकू येई. घरात त्या आणि भावजय, दोघीच. भाऊ गेल्यापासून भावजय कामापुरतं बोलायची. शेजारीण आदल्याच दिवशी सांगून गेली होती, “तुमचा भोंगा सुरू झाला ना, की ती हातातलं टाकून खिडकीत जाऊन बसते. दगड होते नुसती. बघवत नाही हो.” बाईंच्या मनाने घेतलं की आपण दिवसभर हिच्या जखमेवर मीठ चोळतोय. भोंगा दुरुस्त करायला त्याला सांगितलं कुणी? आपणच. निदान आता तोंड तरी बंद ठेवावं.

घरी येऊन त्यांनी भावजयीला ते सांगितलं. ती पीठ मळत होती.

“सोमवारपासून माझा आवाज यायचा नाही. मशीन आणलंय, वायरही नवी टाकणार. तुलाही जरा बरं वाटेल.”

भावजयीचे हात थांबले. “मला?”

“शेजारच्या बाई सांगत होत्या. खिडकीत जाऊन बसतेस म्हणे.”

“बसते.” पुष्कळ दिवसांनी तिने बाईंकडे सरळ पाहिलं. “ताई, तो जोड त्यांनी दिलाय. त्यानंतर तिथे कुणी हात लावलेला नाही. तुम्ही बोललात की मला कळतं, जोड टिकलाय. दिवसभर मी तेच ऐकते. गाडी कुठली, कुठे चालली, काही कानात शिरत नाही.”

बाईंनी खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली.

“तुमच्या सुट्टीचा दिवस मला जात नाही,” भावजय म्हणाली. “त्या दिवशी असं वाटतं की ते उगाचच चढले वर.” आणि तिने पुन्हा पिठात हात घातला. पीठ मळून कधीच झालं होतं, तरी ती मळत राहिली. बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. मग त्यांनी तिच्या हातातलं पीठ काढून घेतलं.

सोमवारी बाई आधी साहेबांकडे गेल्या.

“मशीन नको. मीच पुकारीन.”

“अहो, तुम्ही हो म्हणाला होतात.”

“म्हणाले होते.”

“उद्या काही झालं तर? ती समिती येणार आहे का तुमची?”

“नाही. एक मास्तर येतात.”

साहेबांनी दाराकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. वरचेही रागावू नयेत आणि खालचेही, एवढीच त्याची माफक इच्छा होती. “मशीन बिघडलंय असं मी कळवतो,” ते म्हणाले. “दुरुस्तीला किती दिवस लागतील ते बघू. पण बाई, मी काही बोललो नाही आणि तुम्ही काही ऐकलं नाही.”

बाई खिडकीत येऊन बसल्या. पहिली गाडी फलाटाला लागत होती. तेवढ्यात फाटकापाशी एक मोटारसायकल थांबली. मागे बसलेला उतरला आणि खिशात हात घालून इकडे तिकडे पाहू लागला.

बाईंच्या तळहातांना घाम फुटला. दाराला आतून कडी आहे का, हे त्यांनी वळून पाहिलं. कडी होती, पण ती एका लाथेत तुटली असती. त्या माणसाने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि तो पाण्याच्या नळाकडे गेला. तरी बाईंचं काळीज धडधडायचं थांबेना. ही भीती आहे, हे त्यांना जरा वेळाने उमगलं. इतके महिने त्या या खिडकीत बसल्या होत्या, त्यांना शूर म्हणणारे हजारोंनी समोर उभे होते, आणि तेव्हा त्यांना भीतीसुद्धा वाटली नव्हती. आता वाटत होती. उठून घरी पळून जावं, दार लावून घ्यावं, भावजयीला कुशीत घेऊन गप्प पडून राहावं, इतकी वाटत होती. जगावंसं वाटत होतं.

गाडी लागली. चालकाने भोंग्याकडे पाहिलं.

बाईंनी बटण दाबलं. गावाचं नाव उच्चारताना आवाज कापला, फलाटाच्या आकड्यावर तर चिरकला. बोट बटणावरून निसटत होतं, म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताने ते दाबून धरलं आणि वाक्य पुरं केलं.

बाकावर दोन बायका बसल्या होत्या. त्यातल्या एकीने वर पाहिलं.

“आज कुणी नवीन आहे वाटतं,” ती म्हणाली. “घाबरलीय बिचारी.”

“होईल सवय,” दुसरी म्हणाली, आणि पिशव्या उचलून दोघी गाडीकडे निघाल्या.